विहीणबाईंसाठी सीलबंद बरण्या

बुरशीला जात नसते, असं विज्ञान सांगतं. विज्ञानाला विहीणबाई नसाव्यात.

मागच्या वर्षी मी पुण्याला, तृप्तीच्या सासरी, अंबाडीच्या जामची एक बरणी पाठवली. तृप्ती माझी एकुलती एक पोरगी. आणि अंबाडी कोणाला ठाऊक नसेल तर सांगतो : धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हिची झाडं लावतात, हिवाळ्याच्या तोंडावर लाल, आंबट बोंडं येतात. बोंडातली बी काढायची, पाकळ्या शिजवायच्या, साखर घालायची, की जाम असा लालभडक होतो की बाजारातल्या जामने शरमेनं लेबल फाडून घ्यावं. बरणी गेली. पंधरवड्यानं विहीणबाईंचा, नीलिमाताईंचा, फोन आला. आवाज पेढ्यासारखा.

“जाम फारच छान होता हो. पण वरून बुरशी आली. तिकडे बरण्या नीट स्वच्छ करत नसावेत बहुतेक.”

तिकडे!

माझी बायको मालन हिला यात काही वावगं दिसलं नाही. “तिकडे म्हनजे भंडाऱ्याले. भंडारा तिकडंच आहे न पुन्याहून?”

आहे. पण आमच्या लोकांना या ‘तिकडे’चा भूगोल पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा गावाची विहीर इकडे होती आणि आमची वस्ती तिकडे. तिथून निघून, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होऊन, टाइल्स लावलेल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभा असलेला मी, परसराम रंगारी, पुण्याच्या एका फोनवर पुन्हा तिकडे जाऊन पडलो. तृप्तीने आपल्या पसंतीने जातीबाहेर लग्न केलं. त्या घरात तिच्या माहेरचा पहिला पदार्थ गेला, आणि तो नासला. पोरीला त्या घरात रोज ताटावर बसायचं आहे. तेव्हा प्रश्न जामचा नव्हता, हे शहाण्यांना कळेल. बाकीच्यांनी जामची कृती म्हणून पुढे वाचावं.

विहीणबाईंना सुनवायला मी एक भाषण तयार केलं. अतिशय जळजळीत. फक्त ते फोन ठेवल्यावर तयार झालं, आणि नंतर वर्षभर मी ते घोकत राहिलो. आंघोळ करताना तर फार चांगलं वठायचं.

या डिसेंबरात कळलं की विहीणबाई नागपूरला कोणाच्यातरी लग्नाला येणार, आणि दुसऱ्या दिवशी तृप्तीला घेऊन आमच्याकडे भंडाऱ्याला. मी त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं : यंदाच्या बरण्या निर्जंतुक होतील. शास्त्रोक्त.

मालन भाजी निवडत होती. तिने मान वर केली. “दरवर्षी बरन्या कोन घासते?”

“तू.”

“म्हनजे मी घान ठेवते. म्हनजे इहीनबाई बोलली ते खरं.”

“तसं नाही गं—”

“तसंच आहे. करा तुमचं तुम्ही. मी हात नाही लावत. माझे हात घान आहेत.”

अशा रीतीने मोहिमेच्या पहिल्या पाच मिनिटांत मी माझ्या बाजूचं अर्धं सैन्य गमावलं.

अंबाडी रंभाबाईंनी आणली. त्या आमच्या उजव्या हाताच्या शेजारीण. शेती करडी गावाला, मुलाच्या नोकरीमुळे मुक्काम भंडाऱ्याला, आणि जीव दोन्हीकडे सारखा अडकलेला. डाव्या हाताला भैय्याजी. त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आता मुलगा बघतो, त्यामुळे भैय्याजींकडे सल्ल्याचा मोठा साठा शिल्लक आहे आणि गिऱ्हाईक एकटा मी.

मी स्टीलचं पातेलं गॅसवर ठेवलेलं पाहून भैय्याजी दारातच थबकले. कोणी गेल्याचं कळल्यावर माणूस थबकतो तसे.

“रंगारीबाबू, भंडाऱ्यात राहून स्टीलमधी शिजवून राहिले?”

“मग कशात शिजवू?”

“पितळ! पितळेत जंतू जगतच नाही जी. सायन्सनं सांगितलं आहे. आपल्या आजोबा-पंजोबाले कायची बुरशी आली होती?”

माझ्या आजोबांकडे पितळेचं भांडं नव्हतं, हे मी बोलणार होतो. पण ‘सायन्स’ शब्द ऐकला की माझा विरोध ढिला पडतो. ही आमच्या पिढीची खोड आहे. भैय्याजींनी घरून पितळेचा भलामोठा गंज, म्हणजे पातेलं, आणला. असा गंज की त्यात लहान मूल पोहायला शिकावं. चकचकीत. बाहेरून. आतली कल्हई त्यांच्या मुलीच्या लग्नातच उडाली असावी, आणि त्या मुलीचा मुलगा आता कॉलेजात आहे.

आंबट वस्तू बिनकल्हईच्या पितळेत शिजवली की काय होतं, हे भंडाऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पितळ विकण्यात ज्याचा जन्म गेला तो भैय्याजी आणि फायली पुढे सरकवण्यात ज्याचा गेला तो मी, असे दोघेच ते विसरलो. तासाभरात जाम कळकला. लाल रंग गेला आणि तळ्यातल्या शेवाळासारखी हिरवट कळा आली. जिभेवर ठेवला तर जुनी घंटा चाटल्याची चव.

“जंतू तं मेले असन,” भैय्याजी म्हणाले.

“हो. आता खाणाऱ्याची पाळी.”

मालन आतल्या खोलीत होती. तिच्या हसण्याचा आवाज आला नाही. एवढ्या जोराने न हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या खेपेच्या आधी मी बरण्यांकडे वळलो. बड्या बाजारातून नव्याकोऱ्या डझनभर काचेच्या बरण्या आणल्या. मोबाइलवर एका बाईने सांगितलं होतं की दहा मिनिटं उकळा. ती बाई हसत हसत सांगत होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी उकळल्या. चिमट्याने पहिली बरणी काढून ओट्यावर ठेवली. ओटा ग्रॅनाइटचा, सकाळ डिसेंबरची. टण्ण! बरणीचा तळ ओट्यावर राहिला आणि उरलेली बरणी चिमट्यात. माणसाने चुकीतून शिकावं म्हणतात. मी दुसरी काढून शेजारी ठेवली, पहिलीचा तळ मुळातच कच्चा असेल असं समजून. टण्ण. पातेल्यात उकळताना एकमेकींना आपटून पाच गेल्या त्या वेगळ्याच.

आवाज ऐकून रंभाबाई आल्या.

“भाऊ, खाली तनस टाका न. आमच्या करडीले धान उकडते तवा डरमात काय असंच भरतेत का? तनस अंथरा बुडाशी, मंग बरनी हालनार नाही का फुटनार नाही.”

तणस म्हणजे धानाचं वाळलेलं काड. रंभाबाईंनी भाराभर दिलं. सल्ल्यात तथ्य होतं, एकही बरणी फुटली नाही. मात्र अर्धा तास तणसासोबत उकळलेल्या बरण्यांना गोठ्याचा असा काही घमघमाट सुटला की नाकाजवळ नेली तर आतून म्हैस हंबरेल असं वाटावं. गल्लीतली एक गाय खरोखरच फाटकाशी येऊन उभी राहिली. मालनने खिडकीतून तिला भाकर दिली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घे वं बाई. साहेब तुह्यासाठी जाम करून राहिले.”

बरण्या पुन्हा धुतल्या. लिंबाने, सोड्याने, मग तळाशी जुना टॉवेल घालून तिसऱ्यांदा उकळल्या. आता त्या निर्जंतुक झाल्या होत्या. पण झाल्या हे सिद्ध कसं करायचं? सरकारी नोकरीत माझी हाडं झिजली आहेत. झालेलं काम आणि झाल्याचा कागद यात खरं काय असतं ते मला शिकवू नका. विहीणबाई म्हणतील, ‘तुम्ही म्हणता म्हणून.’ मला कागद हवा होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एक बरणी रुमालात गुंडाळली आणि एका सरकारी प्रयोगशाळेत गेलो. टेबलामागच्या मॅडमनी विचारलं, “पानी कुठलं आहे?”

“पाणी नाही. बरणी आहे. ही निर्जंतुक आहे असं लिहून पाहिजे.”

“रिकामी आहे न?”

“म्हणूनच तर.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या नशिबाकडेही पाहिलं असावं. “काका, आमच्याकडे पान्याचा नमुना घेतेत. बोअरचं, विहिरीचं, नळाचं. बरनीचा रकाना नाही.”

“मग बरणी ज्यात उकळली ते पाणी चालेल?”

त्यांनी समोरची वही चाळली. नाही म्हणायला नियम सापडेना. “पानी असन तं चालन. पन आमच्याच बाटलीत आना. बाटली आम्ही देतो, निर्जंतुक केलेली.”

त्यांनी कपाटातून एक बाटली काढली. काचेची, घट्ट बुचाची, वरून कागद बांधलेली. माझी नजर तिच्यावरून हटेना. मी दहा दिवस घर जाळून जे करू पाहत होतो, ते इथे कपाटात रांगेने उभं होतं.

“मॅडम, अशा पाच-सहा मिळतील का?”

“कायले?”

“जाम भरायला.”

यापुढचं संभाषण लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की मी करदाता आहे हे मी त्यांना सांगितलं आणि शिपाई कुठे बसतो हे त्यांनी मला सांगितलं. तरी पाण्याचा नमुना मी दिलाच, आणि यथावकाश शिक्क्यानिशी अहवाल मिळाला : ‘पाणी पिण्यास योग्य.’ मी तो स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवला.

मालनने तो वाचला आणि भिंतीकडेच बघत म्हणाली, “आता ह्या पान्यात बरन्या नोका उकळू. हेच पाठवून द्या पुन्याले.”

जामची दुसरी खेप मात्र साधली. स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर, लालभडक. कबूल करतो, साखर किती आणि कधी घालायची हे मालनच दारात उभं राहून, भिंतीकडे बघत सांगत होती. माझ्याशी अबोला असल्यामुळे ती सगळं भिंतीला सांगत होती. “कोनी तरी आता ढवळलं पायजे, नाही तं बुडाशी लागन,” असं भिंतीला सांगायची, आणि मी भिंतीच्या वतीने ढवळायचो.

राहिलं सील.

आता एक गोष्ट माझ्याबद्दल कोणीही विचारावी. मी आजवर जेवढ्या निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो, त्यातल्या एकाही केंद्रावरून माझ्या पेटीची तक्रार आली नाही. यंत्र एजंटांना रिकामं दाखवायचं, चाचणी मतदान घ्यायचं, ते पुसायचं, दोरा बांधायचा, लाख वितळवून गाठीवर ओतायची, ठसा मारायचा, चिठ्ठीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. याहून स्वच्छ काम या देशात होत असेल तर मला दाखवा. जामच्या बरणीचं झाकण कोणीही घरात बसून फिरवतो. पण ती भरल्यापासून कोणाचा हात लागला नाही हे सांगणार कोण? विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत सील तुटलं पाहिजे, तरच ते खरं.

एजंट म्हणून भैय्याजी आणि रंभाबाई यांना पाचारण केलं. दोघांना रिकाम्या बरण्या उलट्या करून दाखवल्या.

“चाचनी मतदान?” भैय्याजींनी विचारलं. नियम त्यांना बरोबर ठाऊक होते.

एक बरणी चाचणीसाठी काढली. भैय्याजींनी पोळी मागवली. रंभाबाई म्हणाल्या, “मले पहिल्या डावात समजलं नाही, भाऊ. अजून एक डाव पायते.” चाचणी एवढी कसून झाली की बरणी पुसायचीही गरज उरली नाही. भैय्याजी फेरचाचणी मागत होते. ती मी अध्यक्षाच्या अधिकारात फेटाळली.

मग लाख. झाकणावर पांढरं कापड, कापडावर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख. मतपेटी लोखंडाची असते आणि बरणी काचेची, हा फरक मला पहिला तापलेला थेंब काचेवर ओघळला तेव्हा कळला. टण्ण. हा आवाज आता माझ्या ओळखीचा झाला होता. पुढच्या बरण्यांच्या वेळी लाख माझ्या बोटावर, ओट्यावर, गॅसच्या बर्नरवर आणि भैय्याजींच्या धोतरावर पडली, पण काचेवर पडू दिली नाही. ठशाला शिक्का नव्हता. भैय्याजींनी दुकानाचा शिक्का देऊ केला, पण तो मारला असता तर विहीणबाईंना वाटलं असतं की जाम बर्तन भांडारातून विकत आणला. मी माझ्या लग्नातल्या कोटाचं पितळी बटण उपटून त्याचा ठसा मारला. कोट मालनच्या माहेरचा होता. त्या रात्री भिंतीला बरंच ऐकावं लागलं.

डझनाच्या शेवटी तीन राहिल्या. पण कशा! पांढरं कापड, लाल लाख, खाली दोघांच्या सह्यांची चिठ्ठी. मी त्या दिवाणखान्यात टेबलावर मांडल्या आणि घरातल्यांना तीन फुटांवरून जायला सांगितलं.

विहीणबाई आल्या. गोऱ्या, हसऱ्या, हातात नागपूरच्या संत्रा बर्फीचा डबा. तृप्ती मागून आली आणि आल्या आल्या माझ्या बोटांवरच्या पट्ट्यांकडे आणि टेबलाकडे पाहून तिने डोळे मिटून घेतले. तिला बाप माहीत आहे.

विहीणबाई बसता बसता थांबल्या. टेबलाकडे बघून त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, मालनच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू विचारलं, “कोणाच्या... अस्थी का हो? आम्हाला कळवलंत नाही.”

“जाम आहे,” मी म्हणालो.

“अगं बाई!”

मग मी उभा राहिलो आणि सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. बरण्या तीनदा उकळल्याचं सांगितलं. भिंतीवरचा अहवाल दाखवला. विहीणबाईंनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, “पाण्याचा फार त्रास आहे का हो इथे?” दोन्ही एजंट हजर होतेच. त्यांनी सह्या ओळखल्या. रंभाबाईंनी तर हात वर करून सांगितलं की आम्ही कोणी शिवलो नाही.

ते वाक्य माझ्या घरात उच्चारलं गेलं आणि मला ते चावलं, पण थांबायला वेळ नव्हता. विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत मी सील तोडलं. म्हणजे तोडायला घेतलं. लाख तुटली, दोरा कापला, कापड निघालं, आणि झाकण हलेना. गरम जाम भरून झाकण लावलं की आत हवा आवळून बसते, हे मोबाइलवरच्या बाईने सांगितलं होतं. मी ओढलं. भैय्याजींनी ओढलं. फडकं लावलं, पेचकस आणला, उंबऱ्यावर आपटायचा प्रस्ताव आला. माझा चेहरा जामच्या रंगाचा झाला होता.

“आणा बघू इकडे,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी बरणी उलटी धरली, बुडावर तळहाताने एक सणसणीत थाप दिली, सरळ करून झाकण फिरवलं. फट्. उघडली.

लालभडक! कुठे ठिपका नाही, कुठे डाग नाही. मी तृप्तीकडे पाहिलं. माझी पोरगी ताठ बसली होती. तेवढ्यासाठी सगळं केलं होतं.

विहीणबाईंनी चहाच्या कपातला चमचा काढला, बरणीत बुडवला, तोंडात घातला. डोळे मिटले. “अहाहा! हाच तो.” तोच चमचा पुन्हा बरणीत गेला. पुन्हा तोंडात. मग बुडवून त्यांनी तो मालनच्या तोंडाशी नेला. “तुम्ही घ्या आधी, केलात तुम्ही.” मालनने घेतला. चमचा परत बरणीत.

आणि मला मागच्या वर्षीच्या बुरशीचा पत्ता लागला.

“आई घरी पण असंच खातात,” तृप्ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण मी ऐकलं. “सिरीयल बघता बघता. थेट बरणीतून.”

वर्षभर घोकलेलं भाषण माझ्या घशात उभं राहिलं. आजोबांपासून पाटबंधाऱ्यापर्यंत सगळं. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. कलेक्टरसमोरही गप्प बसलेलो नाही.

“ताई,” मी म्हणालो, “उष्टा चमचा बरणीत घालू नका. त्यानेच बुरशी येते. मागच्या वर्षीची बुरशी आमच्या बरणीची नव्हती. तुमच्या चमच्याची होती.”

भैय्याजी धोतरावरची लाख खरवडू लागले. तृप्तीने ओठ दाताखाली धरला.

विहीणबाईंनी चमच्याकडे पाहिलं. विचार केला. खरोखर केला, मी पाहत होतो.

“असेल हो,” त्या म्हणाल्या. “आणि मी आपली तुमच्या बरण्यांना नावं ठेवली! फोन करून काय वाट्टेल ते बोलले. चुकलंच माझं. किती दिवस मनात ठेवलंत तुम्ही हे?” मग चमचा पुन्हा बुडवून भरला. “पण घरातल्या घरात उष्टं कसलं हो, रंगारी? तुम्ही घ्या.”

आणि तो चमचा त्यांनी माझ्यासमोर धरला.

सगळे बघत होते. माझं भाषण वीस मिनिटांचं होतं, मुद्देसूद होतं, आणि त्यातला एकही मुद्दा या चमच्याला लागू पडत नव्हता. मी तोंड उघडलं. जाम चांगला झाला होता. साखर बेताची होती. मग मी माझ्या हाताने तो चमचा परत बरणीत बुडवला, आणि रंभाबाईंकडे दिला. त्यांनी भैय्याजींकडे. फेरचाचणी राहून गेलेले लोक ते.

दोन बरण्या सील न तोडता पुण्याला गेल्या. उघडलेली आमच्याकडे राहिली. आठवडाभराने सकाळी चहाच्या वेळी मालनने ती माझ्यासमोर आणून ठेवली. वरून पांढरी, मऊ, गुबगुबीत बुरशी.

“घ्या,” ती म्हणाली. भिंतीला नाही, मला. “आता कोनाच्या नावानं बोंब मारता?”